सरकारच्या लेखी तुम्ही कोण? हातानं वस्तू घडवून विकणाऱ्यांसाठी कागदांचा क्रम

"ते सगळं छान आहे हो, पण तुम्ही नक्की कोण?" एका सरकारी कार्यालयातल्या बाईंनी मला विचारलं. मी फोटोंचा अल्बम उघडून त्यांच्या टेबलावर ठेवला होता. त्यात गंजिफाची, म्हणजे हातानं रंगवलेल्या जुन्या पत्त्यांवरची, नक्षी रंगवलेले कोस्टर होते, किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या होत्या आणि एक पाट होता. त्यांनी पानं उलटली, कौतुक केलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "चित्रं काढते." त्यांनी सांगितलं, "मग इकडे नाही."

आमचं घर सावंतवाडीचं. नवरा लेथवर पांगाऱ्याचं लाकूड कातून फळं, भातुकली, भोवरे करतो आणि मी रंगकाम करते. पहिल्या वर्षी मी तीन कार्यालयांत माझी तीन वेगवेगळी वर्णनं केली आणि तिन्हीकडून हात हलवत परत आले. योजना असतात आणि त्यांत पैसेही असतात. पण तुमचं नाव कुठल्या वहीत बसतं हे तुम्हालाच ठाऊक नसेल, तर समोरचा माणूस तुम्हाला पुढच्या टेबलाकडे पाठवतो. आम्ही ज्या क्रमानं जायला हवं होतं, तो क्रम खाली लिहिला आहे.

१. आधी दार ठरवा

सरकारी दप्तरात 'कला' नावाचा एकच कप्पा नाही. तुमच्याकडे बघायच्या तीन नजरा आहेत.

पहिली नजर उद्योजकाची. जिल्हा उद्योग केंद्र, खादी व ग्रामोद्योग मंडळ आणि बँका तुमच्याकडे अशा बघतात. यंत्रं किती, माणसं किती, वर्षाची उलाढाल किती, हे त्यांचे प्रश्न. चित्र सुंदर आहे की नाही याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं.

दुसरी कारागिराची. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली विकास आयुक्त (हस्तकला) असं कार्यालय आहे. तिथे विचारतात की हातानं काय करता आणि ते करून दाखवता येतं का. विणकरांसाठी मंत्रालय हेच, पण कार्यालय वेगळं, हातमागाचं. त्यामुळे पैठणी विणणाऱ्यानं हस्तकलेच्या रांगेत उभं राहून दिवस घालवू नये. चामड्याचं काम करणाऱ्यांनी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळात चौकशी करावी. बचत गटातल्या बायकांसाठी 'उमेद' अभियान आहे.

तिसरी नजर कलावंताची, म्हणजे सांस्कृतिक कार्य विभाग आणि कला संचालनालय. त्यांचा प्रश्न एकच: किती वर्षं आणि पुरावा काय?

एकाच माणसानं दोन दारं ठोठावायला हरकत नाही. मी आज कारागीरही आहे आणि उद्योजकही. फक्त प्रत्येक दारात तिथल्या भाषेत बोलायचं. उद्योग केंद्रात 'चित्रं काढते' म्हणू नका, 'लाकडी शोभेच्या वस्तूंचं उत्पादन करते' म्हणा. दोन्ही खरंच आहे.

२. कागदांची पिशवी

एक जाड प्लास्टिकची पिशवी घ्या आणि त्यात हे कायमचं ठेवा:

- आधार कार्ड, चालू मोबाइल नंबर जोडलेलं. ओटीपी मुलाच्या जुन्या नंबरवर जात असेल तर आधी ते बदलून घ्या
- पॅन कार्ड
- बँकेचं पासबुक, पहिल्या पानाची प्रत आणि एक रद्द केलेला चेक
- रेशन कार्ड
- लागू असेल तर जातीचा दाखला
- राहत्या घराचा आणि कामाच्या जागेचा पुरावा. भाड्याची जागा असेल तर करारपत्र
- काम करतानाचे तुमचे ४-५ फोटो. हातात ब्रश किंवा पटाशी हवी आणि चेहरा दिसायला हवा
- तयार वस्तूंचे पांढऱ्या चादरीवर काढलेले १० फोटो
- पासपोर्ट आकाराचे फोटो, निदान ८

सगळ्यात जास्त अर्ज नावावर अडकतात. माझ्या आधारवर सासरचं नाव होतं, पॅनवर माहेरचं, आणि पासबुकावर नुसती आद्याक्षरं. संगणकाला ती तीन वेगळी माणसं वाटली. विवाह नोंदणीचा दाखला काढा, त्यावरून आधी आधार सरळ करा, मग पॅन आणि शेवटी बँक. उलट्या क्रमानं गेलात तर दोन-दोनदा फेऱ्या होतात. बायकांनी हे काम पहिल्याच आठवड्यात उरकावं.

दुसरा खड्डा बँकेत आहे. 'खातं आधारला जोडलंय' असं बँकवाले सांगतात ते वेगळं, आणि सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठीचं आधार सीडिंग वेगळं. ते एका वेळी एकाच खात्याला असतं. आमच्याकडे नवऱ्याचे पैसे कधीतरी उघडून विसरलेल्या दुसऱ्या बँकेच्या खात्यात जाऊन बसले. आम्ही दोन महिने चुकीच्या पासबुकात एंट्री मारून आणत होतो.

३. उद्यम नोंदणी

ही पहिली नोंदणी, लहान उद्योग म्हणून सरकारी वहीत नाव घालायची. १ जुलै २०२० पासून जुन्या उद्योग आधारच्या जागी उद्यम आलं. पूर्ण ऑनलाइन आहे, आधार आणि पॅनवर होतं, आणि फुकट आहे. हा शेवटचा शब्द परत वाचा, कारण शोध घेतला की हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइट वर येतात आणि हजार-दोन हजार घेतात. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं. फी मागितली की खिडकी बंद करा.

अर्जात कामाचा कोड निवडावा लागतो. खेळणी बनवणाऱ्यांचा ३२४० पासून सुरू होतो आणि तो उत्पादनात मोडतो. कला-मनोरंजनाचा ९० पासून सुरू होतो, तो सेवेत मोडतो. मी 'कला' शब्द पाहून भावनेच्या भरात ९० निवडला होता. पुढे कर्जाच्या योजनांमध्ये उत्पादनाला मर्यादा मोठी असते हे कळलं आणि दुरुस्ती केली. एकाहून जास्त कोड घालता येतात, त्यामुळे वस्तू विकत असाल तर उत्पादनाचा कोड आधी टाका.

हे प्रमाणपत्र मिळालं की चालू खातं उघडायला सोपं जातं. पण त्याचा खरा उपयोग मला दिवाळीनंतर कळला. एका कंपनीनं भेटवस्तूंची ऑर्डर दिली, माल वेळेत घेतला आणि पैशांसाठी झुलवायला लागली. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा २००६ चा. त्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. मी बिलावर उद्यम क्रमांक आणि खाली ही एक ओळ छापून पुन्हा पाठवलं. आठव्या दिवशी पैसे आले. तेव्हापासून ती ओळ माझ्या प्रत्येक बिलावर आहे.

४. पहचान कार्ड

कारागिराचं ओळखपत्र. विकास आयुक्त (हस्तकला) देतात. अर्ज ऑनलाइन करता येतो, मग पडताळणी होते. त्यांचे अधिकारी शिबिर घेतात तेव्हा अवजारं आणि अर्धवट झालेली वस्तू घेऊन जा. पूर्ण झालेली वस्तू कोणीही बाजारातून आणू शकतो, अर्धवट वस्तू खोटं बोलत नाही. आमच्या आधी रांगेत एक दुकानदार होते, त्यांच्याकडचा माल आमच्यापेक्षा चकचकीत होता. त्यांना "हे कातून दाखवा" म्हटल्यावर ते चहा प्यायला गेले ते परत आले नाहीत.

घरातल्या दोघांना काम येत असेल तर दोघांनी वेगवेगळं कार्ड काढा. हस्तकलेची सरकारी प्रदर्शनं, दिल्ली हाटमधला पंधरवड्याचा गाळा, प्रशिक्षणं आणि पुढे राष्ट्रीय पुरस्कारासाठी अर्ज, या सगळ्यात पहिला प्रश्न या कार्डाचा असतो.

५. पीएम विश्वकर्मा: यादी आधी वाचा

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली ही योजना गावोगाव पोचली, आणि गोंधळही गावोगाव पोचला. ती फक्त १८ व्यवसायांसाठी आहे. सुतार, होडी बांधणारे, शस्त्रं घडवणारे, लोहार, हातोडा आणि अवजारं करणारे, कुलूप करणारे, सोनार, कुंभार, मूर्तिकार आणि पाथरवट, चर्मकार, गवंडी, टोपल्या-चटया-झाडू-काथ्याचं काम करणारे, बाहुल्या आणि खेळणी करणारे, न्हावी, माळा गुंफणारे, परीट, शिंपी, मासेमारीची जाळी विणणारे. बस्स.

चित्रकार यात नाही. गंजिफा रंगवणारी मी नाही, वारली काढणारे नाहीत, विणकरही नाहीत. एकाच घरात, एकाच लाकडावर दोघं काम करतो, पण कातणारा यादीत आणि रंगवणारी यादीबाहेर. मी दोन वेळा भांडून आले, काही उपयोग झाला नाही. शिवाय नियमानं नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. म्हणून कोणी अर्ज करायचा हे घरी बसून ठरवा. ज्याचं काम यादीतल्या शब्दात नीट बसतं आणि ज्याच्यावर दुसरं सरकारी कर्ज नाही, त्यानं करावा. गेल्या ५ वर्षांत पीएमईजीपी (नवा उद्योग उभारायला अनुदानासह कर्ज), मुद्रा (छोट्या धंद्यांचं कर्ज) किंवा स्वनिधीचं (फेरीवाल्यांचं) कर्ज घेतलं असेल तर अडतं. मुद्रा आणि स्वनिधीचं पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं. घरात सरकारी नोकर असेल तर अर्जच करू नका.

अर्ज सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्रात, अंगठ्याच्या ठशानं. सध्या अर्ज घेतायत का हे आधी फोन करून विचारा. पुढे ग्रामपंचायत किंवा नगर परिषद पडताळणी करते, मग जिल्हा समिती, मग वरची समिती. लाकूड-मातीत काम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात. माझ्या नवऱ्याचा अंगठा मशीननं तीनदा नाकारला. आदल्या रात्री हाताला खोबरेल चोळून, सकाळी काम न करता गेला तेव्हा लागला. हा सल्ला कुठल्या पत्रकात नसतो.

मिळतं काय?

- प्रमाणपत्र आणि ओळखपत्र
- ५ ते ७ दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन
- अवजारांसाठी १५,००० रुपये. हे रोख मिळत नाहीत, ई-व्हाउचर मिळतं
- तारणाशिवाय कर्ज: आधी १ लाख, १८ महिन्यांत फेडायचं. ते नीट फेडलं तर पुढे २ लाख, ३० महिन्यांत. व्याज ५ टक्के

"तीन लाख मिळतात" असं गावात सांगतात ते असं आहे. पहिलं कर्ज घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही, आम्ही घेतलं नाही. प्रशिक्षण आणि अवजारं घेतली. आमची एकच चूक झाली. प्रशिक्षणाची तारीख गणपतीच्या तोंडावर आली आणि आम्ही "बघू" म्हणून सोडली. पुढची तारीख यायला बराच काळ गेला. तेवढे दिवस धंदा बंद ठेवावा लागला तरी चालेल, पहिली तारीख घ्या.

६. किंमत, जीएसटी आणि बांद्याचा नाका

योजनांच्या मागे धावताना मी सहा कोस्टरचा संच ३५० रुपयांना विकत होते. एका रात्री वही घेऊन बसले. लाकूड ४०, रंग आणि वॉर्निश ३५, खोका ३०. वेळ पाच तास, तासाला ८० रुपये धरले तरी ४००. झाले ५०५. वीज, मोडतोड, स्टॉलचं भाडं यांसाठी वर २० टक्के, म्हणजे ६०६. दुकानदार छापील किमतीतले ४० टक्के स्वतःकडे ठेवतो, म्हणून छापील किंमत हवी १,०१०. म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक संचामागे मी गिऱ्हाइकाला पदरचे पैसे देत होते. आधी ही वही करा. तुमचा तास किती रुपयांचा हे तुम्ही ठरवलं नाहीत तर ते गिऱ्हाईक ठरवतं, आणि तो नेहमी शून्य ठरवतो.

आता कर. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. आपल्यातले बहुतेक जण याच्या खूप खाली असतात. मग नोंदणी कधी लागते? परराज्यात माल विकला तर, रक्कम कितीही असो. हे ऐकून मला घाम फुटला, कारण आमचं निम्मं गिऱ्हाईक गोव्यातलं. म्हापशाचं दुकान आमच्या घरापासून एसटीनं जाण्याइतकं जवळ. पण बांदा ओलांडून पत्रादेवीला पोचलं की राज्य बदलतं आणि कायदाही.

सुटका अशी आहे की हस्तकलेच्या वस्तूंना या नियमातून सूट आहे. २० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर परराज्यात विकायलाही नोंदणी सक्तीची नाही. दोन अटी: पॅन हवा आणि ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्याचा ऑनलाइन काढायचा कागद, हवा. आणि इथेच खरी मेख आहे. सगळे सांगतात की ई-वे बिल ५०,००० च्या वरच्या मालाला लागतं. नोंदणी नसलेला कारागीर हस्तकला परराज्यात पाठवतो तेव्हा ही मर्यादा लागू नसते, पाच हजारांच्या खोक्यालाही ई-वे बिल काढावं लागतं. साइटवर काढता येतं, दहा मिनिटांचं काम आहे. एकदा रस्त्यात गाडी थांबवून "बिल कुठाय?" विचारल्यावर आम्ही शिकलो. तुमची वस्तू सरकारच्या हस्तकलेच्या यादीत बसते का, हे मात्र एखाद्या कर सल्लागाराला एकदाच पैसे देऊन विचारून घ्या. ते पैसे वाया जात नाहीत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून हस्तकलेच्या बऱ्याच वस्तू, लाकडी खेळणी आणि चित्रं १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. नोंदणी असलेल्या दुकानदाराशी बोलताना हे माहीत असू द्या. काही जण अजून जुना दर सांगून तुमच्याकडून किंमत पाडून घेतात.

दुकानात माल ठेवताना नुसत्या विश्वासावर ठेवू नका. वस्तू, नग, किंमत, तारीख लिहून दोन प्रतींत चलन करा आणि सही घ्या. वर्षानं परत मागायला गेलात की "तुमचे बारा नाही, आठच होते" हे ऐकायला मिळतं.

७. विकायच्या जागा

बचत गटात असाल तर 'उमेद'चं महालक्ष्मी सरस हे मुंबईतलं प्रदर्शन सगळ्यात चांगलं. निवड जिल्ह्यातून होते, म्हणून तालुक्याच्या उमेद कार्यालयात तुमच्या गटाचं नाव आणि वस्तूंचे फोटो आधीच असायला हवेत. जाहिरात आल्यावर धावणाऱ्यांचा नंबर लागत नाही. पुण्याची भीमथडी जत्रा डिसेंबरात असते. तिथे खाण्याच्या स्टॉलवर झुंबड असते, पण पोट भरल्यावर लोक आपल्याकडेही वळतात. फेब्रुवारीच्या सुमारास मुंबईत काळा घोडा महोत्सव असतो. तिथल्या गिऱ्हाइकाला वस्तूमागची गोष्ट ऐकायची असते आणि तो घासाघीस कमी करतो. स्टॉलसाठी फोटो पाहून निवड होते, तेव्हा पांढऱ्या चादरीवरचे फोटो तिथे कामाला येतात.

खासगी प्रदर्शनवाल्यांबाबत एक जुनाट सल्ला: पैसे भरण्याआधी मागच्या वर्षी स्टॉल लावलेल्या दोघांचे नंबर मागा. द्यायला टाळाटाळ झाली की समजा. एका शहरात आम्ही तीन दिवसांचे चांगले पैसे भरले. जागा मिळाली मांडवाच्या मागे, जनरेटरशेजारी. तीन दिवसांत आमच्याकडे आलेली बहुतेक माणसं स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारायला आली.

स्टॉलला नेताना:

- दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमवर चालणारा यूपीआय, कारण गर्दीत एक नेटवर्क हमखास झोपतं
- सुट्टे, ५० आणि १०० च्या नोटा, निदान २,००० चे
- वस्तूवर लटकणारी किमतीची चिठ्ठी. किंमत नसली की लाजाळू माणूस विचारत नाही, निघून जातो
- ५० ते २०० रुपयांतली एखादी वस्तू. आमच्या लाकडी लिंबानं आणि भोवऱ्यानं कित्येक स्टॉलचं भाडं काढलंय
- अर्धवट काम आणि ब्रश. बसून रंगवायला लागलं की लोक थांबतात
- पाण्याची बाटली, बसायला काहीतरी, आणि तुम्ही जेवायला गेल्यावर बसणारं माणूस

दुसऱ्या दिवशी दुपारी विक्री मंदावते. तेव्हा घाबरून किंमत पाडू नका. शेजारचे पाडतात, पाडू देत. पहिल्या दिवशी पूर्ण पैसे देऊन गेलेलं गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन येतं.

निव्वळ चित्रकार असाल तर वाट निराळी. कला संचालनालयाचं महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन दरवर्षी असतं, विद्यार्थ्यांचा आणि व्यावसायिक कलाकारांचा विभाग वेगळा. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शनही आहे. जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळायला वर्षं लागतात, त्यामुळे चांगलं काम हातात असेल तर अर्ज आजच टाकून ठेवा आणि विसरून जा.

८. जीआयचा बिल्ला

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि इकडे गदारोळ झाला. तेव्हा अनेकांना कळलं की कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय, म्हणजे वस्तू त्या भागाचीच असल्याचं भौगोलिक मानांकन, आहे, तोही महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांचा मिळून. पैठणी आणि वारली चित्रांनाही आहे. पण आपल्या भागाच्या वस्तूला जीआय मिळाला म्हणजे आपोआप आपल्याला मिळाला असं नसतं. तो शब्द आणि बोधचिन्ह वापरायचं तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात नाव घालावं लागतं. २०२० मध्ये ही फी १० रुपयांवर आणली गेली. दहा रुपये! एजंटानं पाच हजार सांगितले तर हसून निघा. जीआय ज्या संस्थेच्या नावावर आहे तिच्याकडे चौकशी करा आणि आठ-दहा कारागिरांनी मिळून एकदम अर्ज करा, काम हलकं होतं. नोंदणी न करता खोक्यावर बोधचिन्ह छापू नका.

९. कर्ज

हा टप्पा मी मुद्दाम इतक्या खाली ठेवलाय. लोक इथूनच सुरुवात करतात.

५०,००० पर्यंत हवे असतील तर मुद्राचं शिशु कर्ज, ५ लाखांपर्यंत किशोर. मोठं काम असेल तर पीएमईजीपी. उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प, सेवेला २० लाखांपर्यंतचा. अनुदान सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के, गावात २५. महिला, मागास प्रवर्ग वगैरे विशेष गटाला शहरात २५, गावात ३५. स्वतःचे घालायचे सर्वसाधारण गटाला १० टक्के, विशेष गटाला ५. म्हणजे तीच बाई, तेच मशीन, पण कार्यशाळा नगर परिषदेच्या हद्दीत की शेजारच्या ग्रामपंचायतीत, यावर दहा टक्क्यांचा फरक पडतो. जागा भाड्यानं घेण्याआधी हा हिशोब करा. राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजनाही साधारण अशाच बेताची आहे, ती जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तुमच्या नावानं ३ वर्षं अडकून राहतं. युनिट चालू आहे याची पाहणी झाल्यावर कर्जात वळतं होतं. अनुदानाच्या भरवशावर मुलीचं लग्न काढलेल्या माणसाला मी ओळखते. आणि प्रकल्प अहवाल करून देतो म्हणत अनुदानातला टक्का मागणारे भेटतील. अहवालात तुमच्याच वहीतले आकडे असतात. सहाव्या टप्प्यातली वही केली असेल तर तुम्हीच लिहाल, आणि मॅनेजरनं उलट प्रश्न विचारला तर उत्तरही देऊ शकाल.

आम्ही लेथ घ्यायला कर्ज काढलं ते चौथ्या वर्षी, हातात सहा महिन्यांच्या ऑर्डरी होत्या तेव्हा.

१०. कलावंतांची फाइल

केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांना दोन वर्षं महिना ५,००० ची शिष्यवृत्ती आहे. पुढच्या वयात कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) महिना १०,००० आणि ज्येष्ठ २०,००० ची. अभ्यासाचा विषय नेमका मांडता आला तरच अर्ज करा. 'लोककलेचं जतन' इतकं मोघम लिहून कोणाला मिळाल्याचं मी पाहिलं नाही.

राज्याची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक कलावंत सन्मान योजना महिना ५,००० रुपये देते. वय ५० च्या वर, वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत, आणि कलेत निदान १५ वर्षं काढल्याचा पुरावा. आमच्या शेजारचे काका दशावतारात संकासुर करायचे. सगळा तालुका त्यांना ओळखतो. पण ओळख फाइलला लावता येत नाही. त्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तर जुन्या हँडबिलांचा वाळवीनं भुगा केलेला. शेवटी तीन देवस्थानांच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांत 'संकासुराचा विडा' म्हणून त्यांच्या नावापुढे लिहिलेले पैसे सापडले. त्या पानांच्या प्रती आणि सरपंचांचा दाखला जोडून अर्ज गेला.

त्या दिवशी घरी येऊन मी एक फाइल केली. प्रत्येक प्रदर्शनाची पावती, स्टॉलचा पास, पेपरातलं कात्रण, जुनी बिलं, सगळं तारीख टाकून आत. पाकिटात दोन डांबरगोळ्याही टाकल्यात.